अनोळखी आज्ञावलीत प्रवेश

झाशी जिल्ह्यातील बरुआसागर हे ओर्छ्याच्या उदित सिंहाने बांधलेल्या तलावासाठी ओळखले जाते, संगणकशास्त्राच्या संस्थांसाठी नव्हे. तरीही संगणक आणि इंटरनेट उपलब्ध असल्यास तेथील विद्यार्थ्यापुढे मुंबईच्या विद्यार्थ्याइतकीच संपूर्ण ‘सिम्पाय’ उघडी असते. बीजगणित व कलनशास्त्रातील प्रश्न चिन्हांच्या रूपातच सोडविणारी ही मुक्त स्रोत प्रणाली ओन्द्रेय चेर्तीक यांनी २००५ मध्ये सुरू केली. २००७ पासून गूगलच्या उन्हाळी उपक्रमातून विद्यार्थी तिच्यात सहभागी होऊ लागले. त्याच मार्गाने २००९ मध्ये आलेले आरन म्यूरर २०११ मध्ये प्रकल्पाचे प्रमुख झाले.

अडचण पहिल्याच दिवशी येते. शेकडो फायली, लाखो ओळी. वाचन कोठून सुरू करावे? पहिल्या फायलीपासून क्रमाने वाचणारा विद्यार्थी आठवडाभरात थकतो. त्यापेक्षा एकच छोटा प्रश्न हाती धरावा: साइन (क्ष वर्ग) याचे विकलन प्रणाली कसे करते?

सिम्पायमध्ये प्रत्येक पदावली वृक्षासारखी साठवलेली असते. येथे मुळाशी साइन, त्याखाली घात, आणि घाताखाली क्ष व २. त्रिकोणमितीच्या फायलीत साइनच्या वर्गात ‘एफडिफ’ ही छोटी कृती सापडते. ती केवळ कोसाइन परत करते. मग २क्ष कोठून येतो? फलनांच्या सामायिक पायाभूत वर्गात आतील पदाचे विकलन करून गुणाकार केला जातो. म्हणजे पाठ्यपुस्तकातील साखळी नियम तेथे अवघ्या काही ओळींत लिहिलेला आहे! एवढा माग काढला की मूळ रचनेचा मोठा भाग आपोआप उलगडतो.

याच्या जोडीला चाचण्यांच्या फायली वाचाव्यात. कोणत्या उदाहरणाला कोणते उत्तर अपेक्षित आहे, हे तेथे नेमके कळते. एखादी ओळ विचित्र वाटल्यास बदलांचा इतिहास पाहावा; बहुधा ती जुन्या चुकीची दुरुस्ती असते. मात्र प्रत्येक दोष प्रणालीचाच असतो असे नाही. एक भागिले दोन असे लिहिल्यास सिम्पायपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पायथन त्याचे ०.५ करून टाकते आणि अचूक अपूर्णांक हातचा जातो. नवख्यांच्या कितीतरी तक्रारींचे मूळ येथे असते.

उन्हाळी उपक्रमासाठी अर्ज करणाऱ्याची किमान एक सुधारणा आधी स्वीकारली गेलेली असावी, अशी सिम्पायची अट राहिली आहे. ती सुधारणा मोठी असण्याची गरज नाही. राहून गेलेली एक चाचणीही चालते.