श्वासाचे मुद्दल



सी.ओ.पी.डी. हे आद्याक्षरांचे नाव आता डॉक्टरांच्या चिठ्ठीतून घरोघरी पोहोचले आहे. श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोश झिजतात आणि आत घेतलेला श्वास पुरता बाहेर टाकता येत नाही, असा हा जीर्ण विकार आहे. चुलीच्या धुराने तो आजन्म विडीला न शिवलेल्या स्त्रियांनाही जडतो. परंतु त्याचे एक प्रमुख कारण धूम्रपान हेच होय. सप्त व्यसनांच्या यादीत तंबाखूचे नाव नाही, असा आधार घेणारेही भेटतात. तंबाखू या देशात पोर्तुगीजांच्या मागोमाग आली. ती यादी त्याआधीच सिद्ध झालेली होती.

सकाळचा खोकला 'ओढणाऱ्याला असायचाच' म्हणून वर्षानुवर्षे दुर्लक्षिला जातो. फुप्फुसांची राखीव शक्ती मोठी असल्यामुळे जिना चढताना दम लागू लागेपर्यंत त्यातील बरीचशी खर्ची पडलेली असते. मग स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकण्याची तपासणी होते आणि निदान कळते. त्या वेळी रुग्णाच्या मनात बहुधा एकच विचार येतो : व्हायचे ते नुकसान होऊन गेले, आता सोडून काय मिळणार?

हा हिशेब चुकीचा आहे. व्यापारी यंत्राचा घसारा दरवर्षी मांडतो. फुप्फुसांनाही घसारा असतो आणि वाढत्या वयात तो निर्व्यसनी माणसालाही चुकत नाही. अमेरिका व कॅनडातील 'लंग हेल्थ स्टडी' या अभ्यासात श्वासमार्गाचा सौम्य अवरोध असलेले ५,८८७ धूम्रपानी स्त्री-पुरुष होते. अकरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या एका सेकंदात बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेचे प्रमाण धूम्रपान चालू ठेवणाऱ्या पुरुषांत दरवर्षी सुमारे ६६ मिलिलिटरने घटत गेले. सोडून दिलेल्यांत ही घट सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे निम्म्याहून कमी होती. दहा वर्षांत हा फरक साडेतीनशे मिलिलिटरच्या वर जातो. ज्याच्यापाशी एक-दीड लिटरच शिल्लक आहे, त्याच्या बाबतीत स्वतः स्नान करणे आणि दुसऱ्याने घालणे यांतील ते अंतर ठरू शकते.

गेलेले मुद्दल मात्र परत येत नाही. 'स्टार ट्रेक' मालिकेचे अभिनेते लिओनार्ड निमॉय यांनी २०१४ मध्ये आपणांस हा विकार असल्याचे जाहीर केले, तेव्हा धूम्रपान सोडून त्यांना सुमारे तीस वर्षे झाली होती. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मधली तीस वर्षे कोणत्या पारड्यात टाकायची, हे ज्याचे त्याने पाहावे.

निर्धार असला की पुरे, असे व्यासपीठावरून म्हणणे सोपे असते. उपरोक्त अभ्यासात निकोटिनचा च्युइंगगम आणि सततचे मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे २२ टक्के लोक व्यसनमुक्त राहिले. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण अवघे ५ टक्के होते. तेव्हा साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. गम सुपारीसारखा चघळत राहायचा नसतो. थोडा चावून गालात धरायचा असतो. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. तलफ काही मिनिटांत ओसरते, पण ती वेळा धरून येते. कापडाच्या दुकानात आगीच्या भीतीने विडी पेटवत नाहीत. गिऱ्हाईक गेले की पायऱ्या उतरून ओढण्याची सवय असते. चहानंतरची ती दहा मिनिटे आधी दुसऱ्या कामाला लावावी लागतात. आरंभी खोकला वाढल्यासारखा वाटतो. त्याने घाबरू नये. विडीऐवजी मशेरी किंवा गुटखा हा तर शुद्ध आत्मघात आहे. पंपाने श्वास सुकर होतो, परंतु पंप ओढून वर विडी ओढणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

घरच्या मंडळींनी पहिल्या महिन्यातील चिडचिड सोसावी. एखादे दिवशी विडी ओढली गेली, तर 'नियम मोडला' म्हणून चारचौघांत टोमणे मारू नयेत. दुसऱ्या सकाळी पुन्हा आरंभ करू द्यावा. शासनाची तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा २०१६ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६ हा असून तो २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.