हरलेल्याचा विश्वास



सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा कशी उरकली जाते, हे ठाऊक नसलेला माणूस महाराष्ट्रात विरळा. विषय वाचून संपण्याआधीच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष उठतो. अहवाल, ताळेबंद, नफावाटणी सारे चुटकीसरशी संमत होते. आणि प्रश्न विचारू पाहणारा सभासद ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच आभारप्रदर्शन सुरू होते. यावर टीका करणे सोपे आहे. परंतु कामगार संघटना, वाचनालये आणि पक्षाच्या तालुका शाखा यांच्या सभा याहून वेगळ्या होतात काय, हा प्रश्न टीका करणाऱ्यांनी आधी स्वतःस विचारला पाहिजे.

सभेचे नियम म्हणजे इंग्रजांनी मागे ठेवलेली कारकुनी, असा एक समज कार्यकर्त्यांत आढळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील भाषणात याला उत्तर देऊन ठेवले आहे. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांविषयीचे नियम बौद्ध भिक्षुसंघाला अवगत होते, हे त्यांनी तेथे निदर्शनास आणले. विनयपिटकात त्यांचा तपशील सापडतो. प्रस्ताव आधी जाहीर करावयाचा; महत्त्वाच्या बाबतीत तो तीनदा संघापुढे मांडावयाचा; संमती असेल त्याने मौन पाळावयाचे, नसेल त्याने बोलावयाचे. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मते घ्यावयाची. आणि हे काम पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असलेल्या भिक्षूकडेच सोपवावयाचे.

मात्र त्याच ग्रंथात आणखी एक तरतूद आहे. गुप्त पद्धतीने शलाका गोळा करणाऱ्यास अधर्माच्या बाजूची मते अधिक आढळली, तर त्याने ते मतदान रद्द ठरवावे. सत्य कोणते हे आधीच ठरलेल्या धर्मसंघात ही तरतूद खपून गेली असेल. सभासदांच्या संस्थेत ती विषासमान आहे. आणि ध्येयवादी अध्यक्षाला नेमका हाच मोह पडतो! आपली बाजू न्यायाची आहे, मग उपसूचना नाकारली, चर्चा आवरती घेतली किंवा हात घाईने मोजले तर बिघडले कोठे, असे त्याला वाटते. स्वार्थी अध्यक्षापेक्षा हा सज्जन अध्यक्ष अधिक हानी करतो, कारण त्याला कोणी अडवीत नाही.

आर्थिक दृष्टीनेही हा प्रश्न पाहावा लागेल. १८४४ साली रॉचडेलच्या २८ जणांनी उभारलेल्या सहकारी भांडारापासून ‘एक सभासद, एक मत’ हा सहकाराचा पाया ठरला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ मध्येही तोच आहे. भाग कितीही असोत, मत एकच. परंतु मत समान असले तरी माहिती आणि सवड समान नसते. पदाधिकाऱ्याजवळ हिशेबाची वही असते. शेतमजूर स्त्रीला मात्र सभेस येण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. म्हणून सूचनेची मुदत आणि सभेची वेळ या किरकोळ बाबी नव्हेत. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वार्षिक सभेसाठी पूर्ण १४ दिवसांची सूचना सांगितली आहे ती याचसाठी. त्याच उपविधींनुसार तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ही सोय आहे. पण ‘गणपूर्तीअभावी अर्ध्या तासाने त्याच जागी सभा’ असे सूचनेतच छापले जाते, तेव्हा तिची पळवाट होते.

मग करावयाचे काय? ताळेबंद सूचनेसोबतच सभासदाच्या हाती पडावा. ठरावाचे शब्द मतदानापूर्वी वाचून दाखवावेत, मागाहून इतिवृत्तात घडवू नयेत. उपसूचनेवर मूळ ठरावाआधी मत घ्यावे. अध्यक्षास एका बाजूने बोलावयाचे असेल तर त्याने तेवढ्यापुरते आसन सोडावे. व्यक्तींची निवड गुप्त मतदानाने व्हावी, म्हणजे कोणाचे भय राहणार नाही. प्रतिनिधींनी धोरणावर मात्र हात वर करून मत द्यावे, म्हणजे ज्यांनी त्यांना पाठविले त्यांना जाब विचारता येईल. मोजणीला दोन्ही बाजूंचा माणूस असावा आणि विरोधी मतांचा आकडा इतिवृत्तात नोंदवावा.

‘आपण सारे एका कुटुंबातले, नियम कशाला?’ असे यावर म्हटले जाते. कुटुंबात शेवटी कर्त्याचेच चालते, हे असे म्हणणारे विसरतात. एकमताचा आग्रह धरला की मतभेद नाहीसे होत नाहीत. ते चहाच्या टपरीवर जातात आणि एके दिवशी नवा फलक घेऊन परततात.

जिंकणाऱ्याला कोणतीही सभा चांगलीच वाटते. सभेची खरी परीक्षा हरलेल्याच्या मनात होते. आपले म्हणणे ऐकले गेले, मते नीट मोजली गेली आणि पुढील सभेत हाच प्रश्न पुन्हा मांडता येईल, एवढा विश्वास घेऊन तो घरी गेला, तर दुसऱ्या दिवशी त्याच ठरावासाठी तो वर्गणी गोळा करील. तो विश्वास नसेल, तर बहुमताने संमत झालेला ठराव कागदावरच राहील.