सडपातळ देहातील मधुमेह
(आर. के. पुरम, नवी दिल्ली येथील मराठी कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मधुमेहाच्या तपासणीला चला म्हटले, की एक उत्तर हमखास ऐकू येते : "माझा बांधा सडपातळ, चहाही बिनसाखरेचा. मला कशाला मधुमेह होईल?" हीच समजूत आज आपणांसमोर तपासून पाहायची आहे. तिच्यापायी तपासणी लांबते आणि त्या काळात डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा यांना नकळत इजा होत राहते.

अन्नातून रक्तात आलेली साखर पेशींत पोहोचावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन तयार करते. प्रौढ वयात सामान्यतः आढळणाऱ्या मधुमेहात पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. स्वादुपिंड काही वर्षे जादा इन्सुलिन पुरवून वेळ निभावते. ते अपुरे पडू लागले, की रक्तातील साखर वाढते. पोटाच्या पोकळीत आणि यकृतात साठलेली चरबी पेशींचा प्रतिसाद आणखी मंद करते. ही चरबी वजनकाट्यावर वेगळी दिसत नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. भारतीय देह बारीक दिसूनही चरबी बाळगतो, तो असा.

म्हणून धोका ओळखताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

• आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांना मधुमेह असणे.
• कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरहून, स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असणे.
• वय ३० च्या पुढे असणे.
• दिवसभर खुर्चीवर बसून काम आणि व्यायामाचा अभाव.
• उच्च रक्तदाब अथवा धूम्रपान.
• गरोदरपणी साखर वाढलेली असणे. बाळंतपणानंतर ती उतरली, तरी पुढील धोका सरत नाही.

आनुवंशिकता आपल्या हाती नाही. ताट आणि चालणे आहे. केवळ मिठाई टाळणे पुरेसे नव्हे. पांढरा भात, मैदा आणि उपवासाचा साबुदाणा यांतील पिष्टाचीही शेवटी साखरच होते. ताटात त्यांचा वाटा कमी करून डाळी, उसळी आणि भाज्यांचा वाढवावा. सरकारी वसाहतीत राहणाऱ्या अनेकांचा दिवस कार्यालयातील टेबलापासून घरातील सोफ्यापर्यंत सरतो; त्यात रोज किमान ३० मिनिटे भरभर चालणे बसवावे. हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली, तर घरातच व्यायाम करावा.

याचा उपयोग होतो का? चेन्नईच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्ती होत्या. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार व चालण्याचा नेम पाळण्यास मदत मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. धोका पूर्णपणे टळला नाही, पण पुष्कळ घटला.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, तर सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावर असताना बहुधा काहीच दुखत नाही. तो केवळ तपासणीत कळतो.

तेव्हा आज घरी गेल्यावर शिवणकामाची टेप काढा आणि घरातील प्रत्येक प्रौढाची कंबर मोजा. वयाची ३० वर्षे पूर्ण झालेल्यांनी, मग ते कितीही सडपातळ असोत, जवळच्या सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी करून घ्यावी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक आली, तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्या.

आरशावर विसंबू नका.