रिकामी शतके आणि साधी खापरे



अध्यक्षाने सबंध विषयाचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. मला मात्र आज एकाच गोष्टीविषयी बोलायचे आहे: सहाव्या ते तेराव्या शतकातली साधी, नक्षी नसलेली, शेणामातीच्या घरात रोज वापरलेली भांडी. याच काळात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले. राष्ट्रकूट, शिलाहार, यादव यांचे ताम्रपट आणि शिलालेख आपण अक्षरन् अक्षर वाचतो. पण त्या राजवटींतली माणसे कशात भात शिजवत होती, हे काठाचा तुकडा हातात घेऊन ठामपणे सांगू शकणारे आपल्यात फार थोडे आहेत.

याचा परिणाम काय होतो, ते नेवाशाला दिसते. डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. त्यांच्या कालक्रमात ‘इंडो-रोमन’ कालखंड इसवी सन २००च्या सुमारास संपतो आणि त्यानंतर येतो तो थेट १४००च्या पुढचा ‘मुस्लिम-मराठा’ कालखंड. मध्ये बारा शतके रिकामी. आणि याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली! वस्ती पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडाच्या, खोदलेल्या भागातून सरकली असेल, हे शक्य आहे. पण मला दुसरी शक्यताही तितकीच गंभीर वाटते. सातवाहन थर त्याच्या चकाकीदार तांबड्या भांड्यांनी, नाण्यांनी, मण्यांनी ओळखू येतो. पुढच्या काळाला काचलेपाची भांडी ओळख देतात. मधल्या काळाला आपण ओळखीची खूणच दिलेली नाही. त्यामुळे त्याची खापरे वरच्या किंवा खालच्या थरात वाटली जातात.

अशा रिकाम्या शतकांवर मोठे निष्कर्षही उभे राहतात. इतिहासकार रामशरण शर्मा यांनी १९८७मध्ये गुप्तोत्तर काळातील नगरांच्या ऱ्हासाचा सिद्धान्त मांडला, तो उत्खननांच्या अहवालांवर. पैठणला काम केलेले पुरातत्त्वज्ञ डेरेक केनेट यांचा आक्षेप मला मूलभूत वाटतो: ज्या काळाची भांडी आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, त्या काळी शहर ओस पडले, असे म्हणायचे कशाच्या आधारावर?

चुकीच्या ओळखीचे एक उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. आपल्याकडे सापडलेले कित्येक तुकडे रोमन मद्यकुंभांचे म्हणून नोंदले गेले होते. प्राचीन भांड्यांच्या अभ्यासक रॉबर्टा टोंबर यांनी ते पुन्हा हातात घेऊन, माती तपासून पाहिले आणि २००७मध्ये दाखवून दिले की, त्यांतले बरेच मेसोपोटेमियातले आहेत. लांबट, निमुळत्या बुडाचे, बिनकानाचे हे कुंभ आतून डांबराने माखलेले असत. सासानी आणि आरंभीच्या इस्लामी काळात त्यांतून माल हिंदी महासागरात फिरत होता. म्हणजे काही खापरे कित्येक शतके मागे ढकलली गेली होती आणि तेवढा मधला काळ आणखी ओस दिसत होता.

मातीची तपासणी कशी करायची, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. प्रयोगशाळा ही नंतरची पायरी. आधी खापर चिमट्याने थोडे तोडून ताजा भंग भिंगाखाली पाहावा: कण केवढे, टोकदार की गोल, अभ्रक आहे का, भाताच्या तुसांच्या पोकळ्या आहेत का, गाभा काळा राहिला आहे का. आतल्या बाजूला दगडी गोळ्याचे खळगे आणि बाहेर थापटण्याचे ठसे दिसले, तर भांडे ठोकून वाढवले आहे, हे कळते. मग ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली खनिजे ओळखता येतात. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात बेसॉल्टच असल्याने दोन गावांची माती वेगळी काढणे कठीण जाते. पूर्व विदर्भात किंवा दक्षिण कोकणात जुने खडक असल्यामुळे तिथले भांडे परगावी गेले तर चटकन उठून दिसते. या फरकाचा फायदा आपण अजून पुरेसा घेतलेला नाही.

आणि मोजणी! नुसते तुकडे मोजले की एक फुटलेला रांजण दहा वाडग्यांवर मात करतो. म्हणून वजन हवे आणि काठांचे मापही हवे. काठाचा तुकडा वर्तुळाच्या तक्त्यावर ठेवून तो पूर्ण काठाचा किती भाग आहे, हे पाहायचे. चौथा हिस्सा असेल तर ०.२५. अशी बेरीज केली म्हणजे दोन थरांची तुलना प्रामाणिक होते.

काळ ठरवण्यासाठी किनारा आपल्याला मदत करतो. २००२ ते २००४ या काळात संजाणला झालेल्या उत्खननात पश्चिम आशियाई निळ्या-हिरव्या काचलेपाची आणि चिनी भांडी स्थानिक भांड्यांबरोबर मिळाली. रुक्षणा नानजी यांनी त्या सर्वांचा सविस्तर अभ्यास केला आहे. ९२६ सालच्या चिंचणी ताम्रपटात या संजाण मंडलावर राष्ट्रकूटांनी नेमलेला मुहम्मद हा अधिकारी भेटतो. ही आयात भांडी त्या लेखाच्या मागचे बंदर दाखवतात. आयात मालाचा काळ इराणातल्या सिराफचे थर किंवा इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ बुडालेले जहाज अशा ठिकाणांवरून ठरतो. त्या जहाजातल्या एका वाडग्यावर ८२६शी जुळणारे चिनी वर्ष कोरलेले आहे. मात्र जपून. चांगले वाडगे घरात दोन पिढ्या टिकते, तवली काही वर्षांतच फुटते. त्यामुळे आयात तुकडा फार तर ‘याआधी नव्हे’ एवढेच सांगतो.

किनाऱ्यावरच्या संजाण आणि चौलच्या कालनिश्चित थरांतली स्थानिक भांडी घेऊन आता घाट चढायला हवा. तेर, पैठण, नेवासे, जुन्नर इथली साठवणीत पडून असलेली खापरे त्यांच्याशी काठ लावून, भंग लावून पुन्हा पाहिली पाहिजेत. पॉटरी यार्डमध्ये, म्हणजे उत्खननात खापरे निवडण्याच्या जागी, बिननक्षीचे अंगाचे तुकडे मोजून टाकून देण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालू आहे. प्रत्येक उत्खननात निदान एका चराची सर्व खापरे, वजनासकट, जपावीत, असा ठराव या परिषदेने करावा, अशी माझी सूचना आहे. आणि पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्यांनी नवे टेकाड शोधण्याआधी आपल्या जवळच्या संग्रहालयातल्या पेट्या उघडाव्यात. कामाला दहा वर्षे पुरेल एवढे साहित्य तिथे आहे.