मान हलवणं म्हणजे होकार नव्हे

‘समाजसेवेत इतकी वर्षं काढलीत, माणसांच्या चांगुलपणावरचा विश्वास उडाला नाही का?’ असं मला पुष्कळजण विचारतात. जणू विश्वास आपण शहरातून घेऊन जायचा आणि तिथल्या माणसांनी तो उडवायचा! माझ्याबाबतीत उलट झालं.

१९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या. त्यानंतर दोन वर्षांनी एका लहानशा संस्थेतर्फे मी धारणी तालुक्यातल्या एका गावी राहायला गेलो. सोबत वजनकाटा, नोंदवही आणि माझी पुणेरी मराठी. मूल झोळीत घालून काट्याच्या आकड्याला टांगायचं, वजन लिहायचं, आईला चार प्रश्न विचारायचे. ‘बाळ दूध पितं का?’ आई मान हलवायची. मी ‘हो’ लिहायचो.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे, एवढंही मला ठाऊक नव्हतं. ती मुंडा गटातली भाषा. संथाली, मुंडारी या तिच्या बहिणी, पार झारखंडाकडच्या. गावातले पुरुष बाजारापुरती हिंदी बोलत, बायकांना तीही फारशी येत नसे. त्या मान हलवायच्या ती दारी आलेल्याचा मान राखायला.

ऐन पावसात एक बाई तान्ह्याला घेऊन आली. माझ्या प्रश्नावर ती बराच वेळ बोलत राहिली. दुभाष्या पोरगा म्हणाला, ‘ठीक आहे म्हणते.’ एवढ्या लांब बोलण्याचं एवढंसं मराठी कसं झालं, हे मला खटकायला हवं होतं. पण रांग मोठी होती. आठवड्यानं मूल गेलं. ती काय म्हणाली होती, ते नंतर कळलं: ‘छातीशी धरलं की तोंड फिरवतो.’ त्या महिन्याच्या अहवालात तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात ‘हो’ आहे.

मग मी शेळ्या राखणाऱ्या पोरांकडे शिकायला बसलो. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ लावलं की अनेकवचन. कोरकू म्हणजे माणसं. आमच्या फॉर्मवरच्या ‘लाभार्थी’ला काय म्हणायचं, असं विचारलं तर पोरांना हसू आवरेना. ‘कोरो लिहा ना,’ म्हणाली. फॉर्म पुण्यात छापलेले होते, तेव्हा ते राहूनच गेलं.

पुढच्या पावसाळ्यात वजनाला कुणी येईना. मूल टांगलं की ते दगावतं, अशी कुजबुज होती. मी काटा लावून सकाळभर बसलो. दुपारी ती बाई आली. चार वर्षांच्या मोठ्या मुलीला तिनं स्वतः झोळीत घातलं आणि काट्याजवळ उभी राहिली. हळूहळू इतर जणी आल्या.

मी माझ्या मोडक्या कोरकूत दुधाचा प्रश्न विचारला. बायका हसल्या. तिनं तोच प्रश्न नीट करून पुन्हा विचारला आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकीला तीच विचारत राहिली. मी नुसतं लिहीत होतो.

तिनं मला क्षमा केली होती का? ठाऊक नाही. ते विचारण्याइतकी कोरकू मला तेव्हा येत नव्हती. पुढे आली, पण तोवर ती आमची सगळ्यात जुनी कार्यकर्ती झाली होती आणि नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावत होती, ‘आईचं बोलणं संपल्याशिवाय पेन उचलायचं नाही.’