निर्मळचं पोलाद, सायकीचं लोखंड

आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं निर्मळ आणि गोदावरीपलीकडचं कोनासमुद्रम हा टापू एके काळी पोलादासाठी नावाजलेला होता. मुशीत घडलेल्या इथल्या गोळ्यांसाठी इराणचे व्यापारी येत. दमास्कसच्या तलवारींना असंच दख्खनी पोलाद लागे.

आता धातूच्या शोधात माणसाची नजर मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांवर गेली आहे. त्यांतला 'सायकी' १८५२ मध्ये सापडला; रुंदी सुमारे २२० किलोमीटर. तो जवळजवळ सगळा लोखंड-निकेलचाच असावा, असं पूर्वी वाटे. आता त्यात खडकही बराच असावा, असा अंदाज आहे. नासाचं यान ऑक्टोबर २०२३ मध्ये सायकीकडे निघालं. २०२९ मध्ये पोहोचून ते प्रदक्षिणा घालत पाहणी करील, उतरणार नाही.

मग सायकीवर खाण आणि वस्ती होईल का? तिथं हवा नाही, गुरुत्वाकर्षण नाममात्र. बेन्नू या लघुग्रहावरून नासानं आणलेली माती १२१ ग्रॅमच्या आसपास भरली, आणि त्या मोहिमेला सात वर्षं लागली! शिवाय १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणताही देश लघुग्रहावर मालकी सांगू शकत नाही. तिकडचं लोखंड आपल्या हयातीत पृथ्वीवर विकायला येईल, असं मला वाटत नाही.