काजूगर आणि राबणारे हात



पाहुण्यांपुढे ठेवलेल्या बशीत काजूचा शुभ्र गर येतो, तेव्हा तो कोणाच्या हातांतून आला याचा विचार क्वचितच होतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेले हे झाड गोव्याच्या डोंगरउतारांवर असे रुजले की, ते परके आहे ही आठवणही पुसट झाली. गोवा, शेजारचा सिंधुदुर्ग आणि चंदगड-बेळगावचा पट्टा येथे काजू-प्रक्रियेचे कारखाने उभे राहिले. तेथे बी फोडण्याचे आणि गर वेगळा करण्याचे काम बहुतांशी स्त्रियाच करीत आल्या आहेत. काही ठिकाणी आता यंत्रे आली असली, तरी अर्धवट फुटलेल्या बीला शेवटी हातच लागतो. प्रस्तुत विषय या हातांच्या त्वचेचा आहे.

काजूच्या टरफलाच्या दोन आवरणांमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ्या असतात आणि त्यांत गडद तपकिरी, दाहक तेल साठलेले असते. अ‍ॅनाकार्डिक आम्ल व कार्डोल हे त्याचे प्रमुख घटक होत. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून हेच तेल फासतात, यावरून त्याच्या उग्रतेची कल्पना यावी. काजू, बिब्बा आणि आंबा ही एकाच कुळातील झाडे आहेत. बिब्बा उततो म्हणजे काय होते, हे आपल्या खेड्यापाड्यांत कोणाला सांगावे लागत नाही. ज्यांना बिब्बा उततो, त्यांना काजूच्या तेलाचाही त्रास होण्याचा संभव अधिक असतो.

निसर्गाने मनुष्याला संरक्षण दिलेले नाही असे नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर चिऱ्यांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी हे तिचे चिरे आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा तिचा चुना. ही भिंत शरीरातील ओलावा आत राखते आणि बाहेरील अपायकारक द्रव्यांना थोपविते. तळहातावर ती जाड, परंतु बोटांच्या बेचक्यांत, हाताच्या पाठीवर आणि मनगटावर अगदी पातळ असते. म्हणूनच खाज, लाली आणि भेगा बहुधा तेथे प्रथम दिसू लागतात.

या भिंतीवर पहिला घाव तेलाचा, हे उघड आहे. दुसरा घाव मात्र लक्षात येत नाही, कारण तो स्वच्छतेच्या नावाखाली होतो. काळे डाग जावेत म्हणून धुण्याचा सोडा, रॉकेल, वाळू किंवा कढत पाणी वापरले जाते. डाग फिके होतात, परंतु त्यांच्याबरोबर चिऱ्यांमधला चुनाही वाहून जातो. दुसऱ्या दिवशी तेल त्याच फटींतून अधिक खोलवर शिरते. पूर्वापार हाताला लावली जाणारी राख तेल शोषून घेते हे खरे, पण ती स्वतः क्षारयुक्त असल्याने त्वचा कोरडी करते.

यावर उपाय साधे आहेत. कामापूर्वी आणि कामाच्या मध्यंतरात हातांना एरंडेल लावावे. त्याने दाह कमी होतो, मात्र टळत नाही, म्हणून हातमोजे हवेतच. रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे असावेत, म्हणजे घामाने त्वचा भिजून मऊ पडत नाही. फाटलेला मोजा न घातलेला बरा, कारण आत शिरलेले तेल त्यात कोंडून राहते. काम संपताच कोमट पाण्याने व सौम्य साबणाने हात धुवावेत, हलके टिपावेत आणि त्वचा ओलसर असतानाच खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. हात धुण्यापूर्वी डोळ्यांना वा चेहऱ्याला लावू नयेत.

परंतु सारा भार कामकरणीवर टाकून कोणालाही मोकळे होता येणार नाही. जेथे मजुरी सोललेल्या गराच्या वजनावर ठरते, तेथे जाड मोज्यांनी मंदावलेली बोटे म्हणजे संध्याकाळी हाती पडणारे कमी पैसे. तिने मोजे काढून ठेवले तर त्यास हलगर्जीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. बोटांना बेताचे मोजे, ते वेळेवर बदलून देणे, हात धुण्याची सोय आणि त्यासाठी कामाच्या वेळेतच दिलेली सवड ही मालकाची जबाबदारी होय. रसायनांच्या थेट संपर्काने होणारा त्वचादाह १९४८ च्या कारखाने कायद्याने कळविण्यायोग्य व्यवसायजन्य रोगांत गणला होता, आणि व्यावसायिक सुरक्षिततेच्या २०२० च्या संहितेतही त्याला स्थान आहे. तेव्हा भेगा पडलेला हात ही लपविण्याची बाब नसून डॉक्टरांना दाखविण्याची बाब आहे.

त्वचा सोलवटली की बोटांचे ठसेही अस्पष्ट होतात, आणि शिधावाटपाच्या दुकानातील यंत्र त्या अंगठ्याला ओळखेनासे होते. ज्या हातांनी घर चालविले, त्याच हातांनी ओळख पटू नये, यासारखे दुर्दैव नाही. ते टाळणे एरंडेलाच्या वाटीइतके आणि धड मोज्यांच्या जोडीइतके सोपे आहे.